गोल शिक्क्यातली तारीख

दिवेआगरला जाणारा पर्यटक बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत गाडी हळू करतो, पाण्याच्या बाटल्या घेतो आणि पुढे निघून जातो. त्याच बाजारपेठेमागच्या एका गल्लीत, एका कौलारू घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. घरातल्या वयस्कर चाचींनी ती माझ्यासमोर उघडली तेव्हा वर नॅप्थलीनच्या गोळ्या होत्या, त्यांच्या खाली एक जुनी शाल आणि शालीखाली सुतळीने बांधलेले पाकिटांचे गठ्ठे. कुवेत, बहारीन, दोहा, जेद्दा. या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष आधी बोटींवर, मग मुंबईला आणि मग आखातात गेले. ते जिथे जिथे गेले तिथून ही पाकिटं आली.

त्यातलं एक पाकीट मी बराच वेळ हातात धरून बसलो. कडांना लाल-निळे तिरपे पट्टे, उजव्या कोपऱ्यात कुवेतचं एक साधं तिकीट. कुठल्याही अल्बमवाल्याने ‘हे तर पैशाला पासरी’ म्हणून बाजूला सारावं असं. पण तिकिटावर शिक्का होता कुवेत शहरातल्या सफात टपालघराचा, ९ मार्च १९८१. पाकीट उलटलं तर मागे मुंबईचा अर्धवट उमटलेला शिक्का, १७ मार्च, आणि त्याच्या खाली, शाईने गच्च भरलेला, बोर्ली पंचतनचा, २१ मार्च. बारा दिवसांचा प्रवास, त्यातला निम्म्याहून अधिक मुंबईपर्यंतचा. पत्ता इंग्रजीत होता आणि शेवटच्या ओळीत जिल्हा ‘कुलाबा’ लिहिला होता. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं. म्हणजे गावाकडच्या जिल्ह्याचं नाव बदलून दोन महिने उलटले तरी कुवेतमधल्या खोलीत बसून पत्र लिहिणाऱ्याच्या बोटांना अजून जुनंच नाव सवयीचं होतं.

यातलं काय तिकिटाने सांगितलं? देश आणि किंमत. बाकी सगळं शाईच्या तीन वर्तुळांनी सांगितलं.

हे मला कळायला फार उशीर झाला. शाळेत असताना मीही तिकिटं जमवत होतो. रीत ठरलेली. शेजाऱ्यांकडून पाकिटं मागून आणायची, तिकिटाचा कोपरा कात्रीने कापायचा, परातीत कोमट पाण्यात तासभर भिजत घालायचा, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं. उरलेलं पाकीट बंबात. आंघोळीचं पाणी तापवण्यासाठी मी किती शिक्के जाळले याचा हिशेब आता लावत नाही. शिवाय ज्या तिकिटावर शिक्का जाड बसलेला असे, ते ‘घाण’ म्हणून देवाणघेवाणीत देऊन टाकायचो. जे टाकायचं ते जपलं आणि जपायचं ते टाकलं.

टपालाच्या इतिहासात तारखेचा शिक्का हा तिकिटाचा थोरला भाऊ आहे, आणि तो थोडाथोडका नव्हे तर जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी थोरला. इंग्लंडचा पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशप याने १६६१ मध्ये पत्रांवर एक लहान गोल शिक्का मारायला सुरुवात केली. वर्तुळाला मधोमध आडवी रेघ, एका अर्ध्यात महिन्याची दोन अक्षरं, दुसऱ्यात दिवसाचा आकडा. वर्ष नव्हतंच. कारण त्याला इतिहास लिहायचा नव्हता. ‘तुमचे लोक आमची पत्रं दाबून ठेवतात’ या तक्रारीचा बंदोबस्त करायचा होता. पत्र कोणत्या दिवशी टपालात आलं हे कागदावरच उमटलं की पत्र नेणाऱ्याला थापा मारायची सोय उरत नाही. तारखेचा शिक्का जन्माला आला तो असा, खात्याने आपल्याच माणसांवर ठेवलेला पहारेकरी म्हणून. आजही नोकरीचा अर्ज वेळेत टाकला की नाही या वादात माणसं पाकीट पुढे करून शिक्क्याकडे बोट दाखवतात, तेव्हा बिशपचंच काम चालू असतं.

तिकीट आलं १८४० च्या मे महिन्यात, काळं, एका पेनीचं. ते पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून त्यावर काहीतरी फासणं भाग होतं, म्हणून त्यावर लाल शाईचा फुलीसारखा ठसा मारत. त्यात ना गाव, ना तारीख. तारखेचा शिक्का वेगळा, तो पत्राच्या पाठीवर. आपल्याकडेही तेच झालं. बार्टल फ्रिअरने १८५२ मध्ये सिंध प्रांतापुरती, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या एका भागापुरती, अर्ध्या आण्याची तिकिटं काढली. आशिया खंडातली ती पहिली. मग १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच दर आला, पाव तोळा वजनाला अर्धा आणा, मग अंतर कितीही असो. या सुरुवातीच्या तिकिटांवर बहुधा ठिपक्यांचा चौकोनी ठसा दिसतो. नंतर ठशात आकडे आले. प्रत्येक टपालघराला एक आकडा. ॲडनचा १२४. गाव आणि तारीख मात्र पाकिटावर दुसरीकडेच. म्हणून त्या काळचं तिकीट पाण्यात सोडवून घेतलेल्या माणसाच्या हाती नुसते ठिपके राहतात. पुढे दोन्ही ठसे एकाच दांड्याला शेजारी शेजारी बसवले गेले आणि मग हळूहळू आपल्याला माहीत असलेला एकच गोल शिक्का दोन्ही कामं करू लागला. तिकीट बाद करायचं आणि दिवस नोंदवायचा.

बोर्ली पंचतन तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होतं. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला १८८५ पासून नाव छापलेली टपाल तिकिटं होती, होळकरांच्या इंदूरची १८८६ पासून. जंजिऱ्याने कोर्टात लावायची, महसुलाची तिकिटं काढली, पण टपालाची नाहीत. त्यामुळे संस्थानातल्या पत्रावर राणीचं नाहीतर राजाचं तिकीट असे आणि पत्र इथलं आहे हे ओळखायचा एकच मार्ग उरतो, शिक्क्यातलं गावाचं नाव.

हाच प्रकार समुद्रापलीकडे जास्त रंगतदार होतो. मस्कतला हिंदुस्थानी टपालघर उघडलं १८६४ मध्ये, बहारीनला १८८४ मध्ये, दुबईला १९०९ मध्ये. तिथे आपलीच तिकिटं चालत, आणे-पैशांची. कुवेतचं नाव आपल्या तिकिटांवर छापायला १९२३ मध्ये सुरुवात झाली, बहारीनचं १९३३ मध्ये. दुबईच्या वाट्याला तसं काही आलं नाही. १९४७ पर्यंत दुबईहून निघालेल्या पत्रावर जे तिकीट लागे तेच श्रीवर्धनहून निघालेल्या पत्रावर. पंचम जॉर्जचं एक आण्याचं तिकीट मुंबईच्या फुटपाथवर मूठभर मिळतं. त्याच तिकिटावर दुबईचा शिक्का वाचता येत असेल तर ते लिलावाच्या यादीत जातं. कागद तोच, रंग तोच, राजा तोच. फरक शाईच्या अर्ध्या इंचाचा. मुंबईचे जाल कूपर यांनी परदेशी वापरल्या गेलेल्या भारतीय तिकिटांवर आणि जुन्या भारतीय शिक्क्यांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली, ती याच अर्ध्या इंचापायी.

आता उलटा मासला. माझ्या लहानपणी शंभर तिकिटांचं पाकीट घेतलं की त्यात हमखास अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन, रास अल-खैमा असायचे. मोठाली, चकचकीत, अंतराळवीर, मांजरं, युरोपातली चित्रं, ऑलिंपिकचे खेळाडू. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात शिक्क्याचं रेखीव पाव वर्तुळ. आम्हाला वाटायचं, काय श्रीमंत देश! खरी गोष्ट अशी की १९६० च्या दशकात या छोट्या अमिरातींनी परदेशी व्यापाऱ्यांना तिकिटं छापायचे हक्क दिले आणि त्या व्यापाऱ्यांनी जगभरच्या पोरांसाठी तिकिटांचे डोंगर छापले. त्यातली बहुतेक कधी टपालपेटीच्या जवळपासही गेली नाहीत. छापखान्यातून निघतानाच थप्पीने शिक्के मारले गेले, कारण शिक्का मारलेलं तिकीट पत्राला लावता येत नाही आणि म्हणून स्वस्तात विकता येतं. ओळखायची खूण सोपी आहे. तिकीट उलटं करा. मागे डिंक शाबूत असेल आणि पुढे शिक्का असेल तर त्याने कुठलाही प्रवास केलेला नाही. संयुक्त अरब अमिरातीने १९७२ मध्ये टपालाचा कारभार आपल्या हाती घेतल्यावर हा धंदा आटोपला. अशा तिकिटावरची तारीखही वाचता येते, पण त्या दिवशी कोणी कोणाला काहीही लिहिलेलं नसतं. मला तरी ती खोट्या साक्षीदारासारखी वाटते, कपडे नीटनेटके आणि जबानी पाठ केलेली.

खरा शिक्का बहुधा ओबडधोबड असतो. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. म्हणून तिकीट कापताना निदान पूर्ण वर्तुळ सुटेल इतका कागद ठेवावा, आणि जमलं तर कापूच नये. तिकीट सुटं असेल तर मात्र असं शोधावं की ज्याच्या मधोमध गाव, दिवस, महिना, वर्ष सगळं बसलंय.

आणि मग वाचायला बसावं. इथे गंमत सुरू होते, कारण जगाने तारीख लिहायची एकच पद्धत कधीच मान्य केली नाही. जपानच्या शिक्क्यावर ‘५५.३.१०’ असे आकडे दिसले की नवशिक्या ‘१९५५’ अशी नोंद करतो. ते शोवा काळातलं पंचावन्नावं वर्ष असतं. त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १० मार्च १९८०. हेइसेई काळ असेल तर १९८८ मिळवायचे, रेइवा असेल तर २०१८. तैवान १९१२ पासून मोजतं, म्हणून तिथल्या ६९ मध्ये १९११ मिळवले की पुन्हा १९८०. नेपाळचा शिक्का विक्रम संवतात बोलतो, तिथून छप्पन-सत्तावन्न वजा करावे लागतात. सौदीच्या शिक्क्यावर हिजरी सन भेटतो आणि तिथे नुसत्या बेरीज-वजाबाकीने भागत नाही, कारण चांद्र वर्ष आपल्या वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान. १४०० हे हिजरी वर्ष नोव्हेंबर १९७९ मध्ये लागलं हे एक ठिकाण पक्कं धरून पुढेमागे मोजत जावं लागतं. बोर्लीतल्या कित्येक घरांत भिंतीवर हिजरी तारखांचं कॅलेंडर असतं, त्यामुळे जेद्द्याचं पाकीट मला अडलं तेव्हा चाचींनी ते माझ्यापेक्षा लवकर सोडवलं. रजबचा महिना त्यांना दिसला, मी अजून आकडे जुळवत होतो.

इराणने तर १९७६ मध्ये शहांच्या हुकमाने सनच बदलला. १३५५ ऐवजी एकाएकी २५३५ उजाडलं आणि दोन वर्षांनी तो बदल मागे घेतला गेला. फॅसिस्ट राजवटीत इटलीच्या शिक्क्यांत नेहमीच्या वर्षाशेजारी रोमन आकडा येऊन बसला, मुसोलिनी सत्तेवर आल्यापासूनचं वर्ष सांगणारा. युरोपातल्या दुसऱ्या कित्येक देशांच्या शिक्क्यांत रोमन आकडा हा साधा महिना असतो. दोन्ही सारखेच दिसतात. बारापर्यंत गोंधळ होतो. तेरा दिसला की समजावं, हा महिना नव्हे, हा मुसोलिनी.

मराठी माणसाला या उलाढालीचं फार कौतुक वाटायचं कारण नाही. बोर्लीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या दिवेआगरला मराठीतला जुना ताम्रपट सापडला, तो शके ९८२ चा. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून १०६० करायला आपण शाळेतच शिकलेले असतो.

तारखांचा नाद लागलेले लोक मग एक खास संग्रह करतात. वहीत ३६६ चौकोन आखायचे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, आणि प्रत्येक चौकोनात त्या तारखेचा स्पष्ट शिक्का असलेलं तिकीट बसवायचं. वर्ष कुठलंही, देश कुठलाही. काही जण याहून हट्टी. एकाच वर्षाचे सगळे दिवस जमवायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिले दोनशे चौकोन महिनाभरात भरतात. मग गाडी अडते, आणि कुठे अडते ते पाहण्यासारखं आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. टपालघर बंद! एकाच वर्षाचा हट्ट धरलेल्याला तर दर सातवा चौकोन रिकामा दिसतो, कारण रविवारी खिडकी उघडत नाही. त्याचा एक तोडगा जुन्या संग्राहकांना ठाऊक असतो. रेल्वे मेल सर्व्हिसची वर्गीकरण कार्यालयं रविवारीही चालू असतात, त्यांचे शिक्के शोधायचे. दुसरा तोडगा चाचींच्या ट्रंकेत होता. आखातात तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. रविवारी तिथलं टपालघर उघडं. कोकणातल्या घरात दोन्हीकडची पाकिटं असली की एकाची सुट्टी दुसऱ्याने भरून निघते.

२९ फेब्रुवारीची गंमत याहून मोठी. १९७६ सालची २९ फेब्रुवारी रविवारी आली, म्हणजे आपली खिडकी बंद, आखातातली उघडी. १९८० ची शुक्रवारी, म्हणजे तिकडे बंद, इकडे उघडी. १९८४ ची बुधवारी, दोन्हीकडे कामाचा दिवस. मी ट्रंकेतले तीन गठ्ठे या तीन तारखांसाठी उपसले. मिळाली नाही. २८ फेब्रुवारी १९८० दोनदा मिळाली, १ मार्चही मिळाली.

या शोधात बोर्लीचं नावच एक कोडं घालतं. रायगड जिल्ह्यात बोर्ली एक नाही. राजपुरीच्या खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यात दुसरी बोर्ली आहे, मांडल्याजवळची, आणि तीही जंजिरा संस्थानातलीच. पाठवणाऱ्याने नुसतं ‘मु. पो. बोर्ली’ लिहून सोडलं की पाकीट कुठल्या किनाऱ्याला लागेल ते दर्याच जाणे. ‘पंचतन’ हे शेपूट म्हणूनच शिक्क्यात वाचता यायला हवं. ते पुसट असेल तर घाईने निष्कर्ष काढू नये.

सारख्या नावांच्या गावांचा हा घोळ देशभर होता, त्यात पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा आणि अक्षरं पंधरा प्रकारची. त्यावर उपाय काढणारा माणूसही कोकणातलाच निघाला, श्रीराम भिकाजी वेलणकर, गुहागरजवळच्या वेळणेश्वरचे, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन आला. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा. रायगडच्या या पट्ट्यासाठी ४०२. शेवटचे तीन आकडे नेमकं टपालघर. पुढे अनेक शिक्क्यांच्या वर्तुळातही पिन येऊन बसला आणि पुसट नावांनी रडकुंडीला आलेल्या संग्राहकांची सोय झाली. नाव गेलं तरी आकडे बोलतात. ट्रंकेतल्या सत्तरच्या दशकाच्या पाकिटांवर पिन जवळजवळ नाहीच. ऐंशीच्या उत्तरार्धात तो दिसू लागतो, तोही वेगळ्या शाईत, जणू लिहिणाऱ्याला मागून कुणीतरी आठवण करून दिली.

मग टेलिफोन बूथ आले, त्यामागून मोबाइल, आणि गठ्ठे आटत गेले. ट्रंकेतलं शेवटचं पाकीट १९९८ चं. आता जे येतं त्यावर बारकोडची पट्टी असते. यंत्राला ती सगळं सांगते, माणसाला काही नाही. हाती शिक्का हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. आपलाच पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड त्या त्या गावच्या टपालघरात द्यायचं, किंवा परदेशातल्या ओळखीच्या माणसाला पाठवायला सांगायचं. बरेच टपाल बाबू मदत करतात, फक्त आधी बोलावं लागतं. शिक्का नीट उमटायला तीन गोष्टी लागतात. खाली किंचित मऊ आधार, शिक्क्याच्या दातांत साचलेला जुन्या शाईचा गाळ काढलेला, आणि हात घाईत नसलेला. कठीण लाकडी टेबलावर जोराने मारलेला शिक्का नेमका मधे कोरा राहतो, आणि तारीख मधेच असते.

२९ फेब्रुवारी २०२४ ला गुरुवार होता. मी सकाळीच बोर्लीच्या खिडकीपाशी गेलो. कार्डावर स्वतःचा पत्ता लिहिलेला होता, पिनसकट, आणि हातात चार घड्या घातलेलं वर्तमानपत्र.

“हे खाली घ्या,” मी म्हणालो, “आणि जरा सावकाश मारा. चार वर्षांनी एकदाच येते ही तारीख.”

खिडकीपलीकडच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का उलटा करून त्यातले आकडे तपासले. एका रद्दी कागदावर दोनदा मारून पाहिला. मग वर्तमानपत्राची घडी सरळ केली, त्यावर कार्ड ठेवलं आणि शिक्का टेकवून हलकेच चारी बाजूंनी दाबला.

“बघा,” तो म्हणाला, “पंचतन वाचता येतंय का.”

येत होतं.